ठासणीच्या बंदुकीला दारू-टोप्या मिळेनात? मग निदान या चुका टाळा

काजूच्या बागेत माकडांची टोळी उतरली होती. शेजारच्या अण्णांनी ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक खांद्याला लावली, चाप ओढला, घोडा पडला आणि दारू पेटवणारी टोपी नुसती टिच् करून फुटली. दुसरी टोपी लावली, पुन्हा टिच्. तिसरीही फुटली, पण आतला बार, म्हणजे ठासलेली दारू, गप्पच. "दारूच वाईट हा रे," अण्णा म्हणाले. माकडं समोरच्या फणसावर बसून हा सगळा कार्यक्रम बघत होती.

दारू चांगली होती. नळीत पाणी ओतून बार भिजवला आणि निप्पल, म्हणजे टोपी जिच्यावर बसते ती भोकाची बारीक नळी, काढून बघितलं. भोकात गेल्या पावसाळ्याआधी चोपडलेलं तेल आणि काजळी यांचा चिकटा बसला होता. एक बारीक सुई फिरवली असती तर तीन टोप्या आणि एक बार वाचला असता.

आमच्या कुडाळकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक ठेवणारी घरं अजून आहेत. सगळ्यांचं रडगाणं एकच : टोप्या मिळत नाहीत, दारू मिळाली तर एकदम थोडीशी. दुकानदाराचं गणितही कळतं. काडतुसाला गिऱ्हाईक आहे, ठासणीला मोजकं. हे आपल्यापुरतंच आहे असंही नाही. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांचे हजारो शौकीन आहेत, पण लुइझियानातला गोएक्स हा काळ्या दारूचा कारखाना २०२१ मध्ये बंद झाला आणि तेही हवालदिल झाले. पुढच्या वर्षी एस्टेस कंपनीने तो विकत घेतला म्हणून निभावलं. आपल्याकडे असं कोणी धावून येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. माझा अनुभव असा की टंचाईतला बराचसा माल दुकानात नाही, आपल्या घरातच वाया जातो.

बदली माल शोधणं

सगळ्यात जीवघेणी चूक हीच, म्हणून आधी सांगतो. काळी दारू संपली की माणूस इकडेतिकडे बघायला लागतो. कोणाकडे तरी काडतुसं असतात. ती फोडून आतली दारू ठासणीत भरायची कल्पना दर दोन वर्षांनी कोणाला तरी सुचते. काडतुसातली धूरविरहित दारू ही वेगळीच वस्तू आहे. ती तेवढ्याच मापात कितीतरी जास्त दाब निर्माण करते आणि आपल्या आजोबांच्या वेळची नळी त्या दाबासाठी बनलेलीच नाही. नळी फाटते, आणि ती नेमकी डाव्या हाताशी फाटते. रंग काळा दिसतो म्हणून फसू नका. काही धूरविरहित दारूही काळपट दाण्यांची असते.

फटाक्यांतली दारू त्याहून वाईट. आवाजाच्या फटाक्यांत ॲल्युमिनियमची पूड असते. ती जळत नाही, एकदम भडकते. घरी दारू कुटण्याचा विचार तर मनातही आणू नका. त्यात हात जातात, आणि परवान्याशिवाय स्फोटक बनवणं हा गुन्हा आहे तो वेगळाच. टोपीच्या जागी काडेपेटीचा गूल, टिकल्या असले उद्योगही तसेच. ते भलत्या वेळी पेटतात आणि निप्पल खाऊन टाकतात.

बंदुकीऐवजी आवाजासाठी कार्बाइडच्या पाइपचं फॅड आता आपल्याकडेही आलंय. प्लॅस्टिकचा पाइप, लायटर आणि कार्बाइड. स्वस्त आहे, आवाजही दणदणीत. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, विशेषतः भोपाळमध्ये, या खेळण्याने कित्येक मुलांचे डोळे गेले. बार का उडला नाही म्हणून माणूस पाइपात डोकावतो, आणि तेव्हाच तो उडतो.

जिथे बदल चालतो अशी एकच जागा आहे, ती म्हणजे दारूवर ठासायचा बोळा. तयार बोळे मिळत नसतील तर जुन्या सुती धोतराचे घट्ट विणीचे तुकडे उत्तम. टेरिकॉट किंवा नायलॉनच्या साडीचा तुकडा मात्र नळीत वितळून चिकटतो. नारळाचं सोडण आणि कागद आपल्याकडे सर्रास वापरतात, पण दोन्ही पेटत बाहेर पडतात. फाल्गुन-चैत्रात काजूखालचं गवत वाळून कुरकुरीत झालेलं असतं. एका बोळ्याने वणवा लागला तर वाचवायला गेलेली बाग आपणच जाळली असं होतं. त्या दिवसांत बार टाकायचाच तर उघड्या कातळावर उभं राहून टाका आणि बोळा कुठे पडला ते जाऊन बघा.

जास्त दारू, मोठा आवाज?

दारू कमी आहे म्हणून निम्मा बार भरायचा नाही, आणि आवाज मोठा हवा म्हणून दीडपटही नाही. मापापेक्षा जास्त भरलेली दारू नळीत पुरती जळतच नाही, उरलेली तोंडातून ठिणग्या होऊन बाहेर पडते. म्हणजे पैसे हवेत गेले आणि खांद्याला मात्र धक्का. बंदुकीच्या जाणकार कारागिराने जे माप ठरवून दिलंय तेच धरा, आणि ते नेहमी मापट्यानेच भरा. शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत ओतायची सवय असेल तर ती आजच मोडा. मागच्या बारातला एखादा निखारा आत धुमसत असला तर अख्खा डबा हातात पेटतो.

माकडं हाकलायला छर्ऱ्यांची गरजच नसते. दारू, वर घट्ट बोळा, झालं. छर्रे वाचतात, समोरच्या वाडीतल्या कौलांवर पडत नाहीत, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या भानगडीतही आपण पडत नाही. रानडुकराने भात लोळवलं म्हणून राग येतोच, मलाही येतो. तरी वनखात्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय त्याच्यावर बार टाकायचा नाही.

आणि एका दिवशी किती बार? पहिल्या आठवड्यात माकडं पळतात, दुसऱ्यात फक्त झाड बदलतात. रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून उडवलेला बार त्यांना आठवडाभरात पाठ होतो. मी आता कुत्रा, डबा, गोफण आधी वापरतो. जागा बदलून एखादाच बार टाकतो, आणि पूर्वी आठ दिवसांत संपायचा तो माल मला महिनाभर पुरतो.

बार उडाला नाही तर

टोपी फुटली आणि बार उडाला नाही, की लगेच बंदूक खाली घेऊन तपासणं ही सर्वांत सामान्य चूक. कधीकधी आत धुमसणारी दारू काही सेकंदांनी पेटते. तोंड मोकळ्या दिशेला धरून निदान मिनिटभर तसंच उभं राहायचं. नळीत डोकावायचं नाही, तोंडाने फुंकायचं तर नाहीच.

मग लक्षणं बघा. घोडा पडूनही टोपी फुटलीच नाही, पण दुसऱ्या ठोक्याला फुटली, तर टोपी निप्पलवर पूर्ण बसली नव्हती. ती लाकडी काडीने दाबून बसवा, घोड्याने ठोकून नाही. पुष्कळ बंदुकींत निप्पलचं तोंड वर्षानुवर्षं ठोके खाऊन पसरलेलं असतं, त्यावर कोणतीच टोपी नीट बसत नाही. टंचाईत आणखी एक भानगड होते : नेहमीची ११ नंबरची टोपी मिळत नाही, दुकानदार १० नंबरची देतो किंवा उलट. सैल टोपी पकडीने चेपून बसवणारे मी बघितलेत. टोपीत जे असतं ते दाबाने पेटण्यासाठीच बनवलेलं आहे, हे त्यांना कोण सांगणार? त्यापेक्षा मिळणाऱ्या टोपीच्या मापाचं जादा निप्पल परवानाधारक कारागिराकडून बसवून घ्या. निप्पल एकदाच घ्यावं लागतं, टोप्या दरवर्षी.

टोपी फुटली पण बार नाही, तर संशय भोकावर किंवा ओलाव्यावर. मिनिटभर थांबून बारीक तारेने भोक साफ करा आणि नवी टोपी लावा. तीही वाया गेली तर तिसरी लावू नका. नळीत पाणी ओतून दारू भिजवा आणि कारागिराकडे न्या. भरलेल्या नळीत ड्रिल, तापवलेला गज असले प्रयोग करणाऱ्याची बोटं मोजून बघा.

या सगळ्यावर स्वस्त उपाय बार ठासायच्या गजावरच्या दोन खुणा. नळी रिकामी असताना गज कुठवर जातो तिथे एक, आणि योग्य बार भरल्यावर कुठवर जातो तिथे दुसरी. खूण बघितली की आत आधीचा बार आहे का, बोळा दारूवर टेकलाय का, हे न विचारता कळतं. बोळा आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगते. एका बारावर चुकून दुसरा भरला तर काय होतं ते लिहायला नको.

तेल आणि पाणी

काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढून घेते. देशावर बंदूक दोन दिवसांनी पुसली तरी चालत असेल, इथे आषाढात रात्री तशीच ठेवलेली नळी सकाळी तांबडी होते. त्याच दिवशी गरम पाणी आणि साबण, मग कोरडी फडकी, मग तेल. पाणी मात्र गोड्या विहिरीचं. खाडीकाठच्या विहिरी वैशाखात मचूळ होतात, त्या पाण्याने धुतलेली नळी न धुतलेल्यापेक्षा लवकर गंजते.

खनिज तेल राखेत मिसळलं की डांबरासारखा थर होतो, म्हणून बोळ्याला खोबरेल आणि मेण बरं. पौषातल्या पहाटे खोबरेल गोठतं, तेव्हा मेण थोडं कमी घालावं. बार भरण्यापूर्वी नळीतलं तेल मात्र पुसून काढायचंच. पूर्वी यासाठी एकदोन टोप्या नुसत्या उडवत. आता तेवढी चैन परवडत नाही, म्हणून मी कोरडं फडकं फिरवतो, भोकातून सुई घालतो आणि रिकाम्या नळीत सायकलच्या पंपाने हवा मारतो. पंपाची हवा निप्पलमधून निघालेली बोटाला लागली की रस्ता मोकळा.

साठवण

रायगडावर मे १८१८ मध्ये पोटल्याच्या डोंगरावरून इंग्रजांनी तोफा डागल्या, दारूकोठार पेटलं आणि गड जळाला. आपल्या घरात कोठार नसतं, पण चुलीवरच्या माळ्यावर, सुकं राहावं म्हणून ठेवलेला डबा असतो. उष्णता आणि ठिणगी यांच्या इतक्या जवळ दारू ठेवायचं धाडस रायगडानेही केलं नसेल.

दारू कंपनीच्या डब्यातच, घट्ट झाकणाने, थंड जागी, कुलपात. टोप्या वेगळ्या खोलीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह लहान डबीत. जाड लोखंडी नळकांड्यात घट्ट बंद केलेली दारू म्हणजे बाँबच, तसं ठेवू नका. कोरडी राहिली तर काळी दारू वर्षानुवर्षं टिकते. ओली होऊन ढेकळं झाली असतील तर ती कुटू नका, तव्यावर किंवा चुलीशी सुकवू नका. बादलीभर पाण्यात टाकून मोकळे व्हा.

रात्री डुक्कर येईल म्हणून बंदूक भरून भिंतीला टांगणारी घरं माझ्या नात्यातच आहेत. पावसाळ्यात तो बार सकाळपर्यंत सर्दावतो, म्हणजे वाया. आणि उन्हाळ्यात सुट्टीला आलेली नातवंडं ती खाली काढतात.

कागदपत्रं

शेजाऱ्याच्या परवान्यावर घेतलेली दारू, किंवा "काका, चार टोप्या द्या, परत देतो" हा व्यवहार गावात सहज वाटतो, पण शस्त्र कायद्यात बसत नाही. आपल्या परवान्यावर जेवढा साठा लिहिलाय तेवढाच, नोंद करून घ्या. कोकण रेल्वेने पिशवीतून दारू आणणं हाही गुन्हा. न्यायची कशी ते विक्रेत्याकडूनच समजून घ्या.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करावी लागते ही मोठी अडचण. २०२४ च्या लोकसभेला आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि आमच्याकडे मतदान ७ मेला झालं, म्हणजे अख्खा काजू हातचा गेला. शेतीसंरक्षणाच्या कारणाने सूट हवी असेल तर कोणाची बंदूक जमा करायची ते ठरवणाऱ्या छाननी समितीकडे लेखी अर्ज आचारसंहिता लागल्याबरोबर द्यावा. जमा करायचीच झाली तर बंदूक रिकामी, धुतलेली, आतून-बाहेरून तेल लावलेली द्या आणि पावतीवर नंबर नीट तपासून घ्या. परत मिळाल्यावर पहिला बार भरण्याआधी निप्पल काढून बघा, कारण दोन महिन्यांत त्या भोकात कुंभारीण माशी घर करते.