एक वादळ हाताशी धरून ग्रीकांचे हेलेनिस्टिक पंथ कसे वाचावेत

कॉलेजात आम्हाला एक तक्ता पाठ करायला लावला होता. स्टोइक म्हणजे भावना मारणारे, एपिक्युरिअन म्हणजे चैनी, संशयवादी म्हणजे कशावरच विश्वास नसलेले आणि सिनिक म्हणजे तुसडे. मार्क मिळाले. पुढे मूळ मजकूर वाचायला घेतला, तेव्हा चारही ओळी फसव्या निघाल्या. त्या तक्त्याऐवजी काय करावं, ते इथे सांगतो.

माझी रीत साधी आहे. भर समुद्रातलं एक वादळ डोळ्यांपुढे ठेवायचं आणि प्रत्येक पंथाला विचारायचं, ‘आता काय?’ हे उदाहरण ओढूनताणून आणलेलं नाही. या मंडळींच्या गोष्टींत जहाजं आणि वादळं सारखी येतात.

१. आधी काळ आणि नकाशा

इ.स.पू. ३२३मध्ये अलेक्झांडर बॅबिलोनला वारला. इ.स.पू. ३०मध्ये क्लिओपात्रा गेली आणि इजिप्त रोमच्या ताब्यात आला. या दोन मृत्यूंमधला काळ तो हेलेनिस्टिक काळ. नगरराज्यं मोडली म्हणून माणसं स्वतःच्या मनःशांतीकडे वळली, असं पुस्तकांत हमखास लिहिलेलं असतं. त्यात तथ्य आहे, पण मी त्यावर फार भार टाकत नाही. कसं जगावं हा प्रश्न सॉक्रेटिस या काळाच्या सुमारे शंभर वर्षं आधीच अथेन्सच्या रस्त्यांवर विचारतच होता.

मग अथेन्सचा नकाशा काढा. बाजारचौकाच्या उत्तर कडेला चित्रांनी सजवलेली एक ओसरी होती, स्टोआ. मॅरेथॉनच्या लढाईचं चित्रही तिथेच होतं. इ.स.पू. ३००च्या सुमारास झेनो तिथे फेऱ्या मारत शिकवू लागला, म्हणून त्याचे लोक स्टोइक. वेशीबाहेर, प्लेटोच्या अकादमीकडे जाणाऱ्या वाटेवर, एपिक्युरसची बाग होती. पूर्वेला अ‍ॅरिस्टॉटलच्या शिष्यांचं लायसिअम. सगळं पायी फिरण्याच्या टप्प्यात. तेव्हा हे लोक एकमेकांची मतं ऐकूनच आपली मतं घडवत होते, हे वाचताना विसरू नका.

२. वाचायला सुरुवात एपिक्युरसपासून

बहुतेक जण स्टोइकांपासून सुरुवात करतात, कारण हल्ली त्यांची चलती आहे. मी एपिक्युरस (इ.स.पू. ३४१–२७०) आधी घ्यायला सांगतो, कारण त्याचं मेनिसिअस नावाच्या शिष्याला लिहिलेलं पत्र अख्खं हाती आलंय. एका बैठकीत वाचून होतं.

हातात पेन्सिल ठेवा. इच्छांचे तीन प्रकार येतात तिथे थांबा: नैसर्गिक आणि गरजेच्या, नैसर्गिक पण गरजेच्या नसलेल्या, आणि दोन्ही नसलेल्या. आता गेल्या महिन्यातल्या खर्चांची यादी तीन रकान्यांत मांडा. रोजचं जेवण पहिल्या रकान्यात. हॉटेलातलं पंचपक्वान्न दुसऱ्या. सोसायटीतल्या लोकांनी बघावी म्हणून घेतलेली गाडी तिसऱ्या. कुठे काय घालायचं यावरून घरात वाद झाला तर समजा, पत्र नीट वाचलं गेलंय.

हा ‘चैनी’ माणूस एका पत्रात मित्राकडे चीजचं छोटं गाडगं मागतो, मनात आलं तर मेजवानी करता यावी म्हणून. त्याच्या मेजवानीची मजल तेवढीच. सुख म्हणजे त्याच्या लेखी शरीराला वेदना नसणं आणि मनाची खळबळ थांबणं. या दुसऱ्या गोष्टीला ग्रीकमध्ये अ‍ॅटरॅक्सिया म्हणतात. हा शब्द वहीत लिहून ठेवा, पुढे लागेल.

आपल्याला इथे चार्वाक आठवतोच. साम्य आहे, पण मला दिसतं ते वेगळ्या जागी: दोघांची बदनामी विरोधकांच्या हातून झाली. एपिक्युरसच्या बागेत बायका आणि गुलामही येत, आणि तेवढ्यावरून गावगप्पांना ऊत येई.

वादळाचं काय? एपिक्युरसचा रोमन अनुयायी ल्युक्रेशिअस आपल्या दीर्घ काव्याच्या दुसऱ्या भागाची सुरुवातच तिथून करतो: समुद्र खवळलेला असताना दुसऱ्याची धडपड किनाऱ्यावरून पाहणं किती गोड. दुसऱ्याचं दुःख गोड असतं म्हणून नव्हे, तर आपण कशातून सुटलोय ते कळतं म्हणून, असं तो लगेच सांगतो. थोडक्यात, या पंथाचं उत्तर: मुळात त्या जहाजावर चढलातच कशाला?

३. स्टोइकांकडे जाताना डाळीच्या मडक्यावरून जा

झेनो सायप्रसमधल्या किटिअमचा. जांभळ्या रंगाचा माल घेऊन निघालेलं त्याचं जहाज बुडालं आणि तो अथेन्सला येऊन पोचला, अशी कथा आहे. पुस्तकाच्या दुकानात बसून त्याने सॉक्रेटिसबद्दलचा मजकूर ऐकला आणि विचारलं, अशी माणसं भेटतात कुठे? नेमका क्रेटिस नावाचा सिनिक तिथून चालला होता. दुकानदार म्हणाला, त्याच्या मागे जा.

या क्रेटिसने झेनोचा भिडस्तपणा काढायचा ठरवलं. डाळीच्या आमटीने भरलेलं मडकं त्याच्या हाती दिलं आणि कुंभारवाड्यातून घेऊन जायला सांगितलं. झेनो लाजला, मडकं अंगरख्याखाली लपवू लागला. क्रेटिसने काठीने ते फोडलं. आमटी झेनोच्या पायांवरून ओघळली आणि तो पळत सुटला. मागून क्रेटिस ओरडला, ‘पळतोस काय रे, तुला कुठे काय वाईट झालंय?’

स्टोइक नीतीचं बीज मला या प्रसंगात दिसतं. आमटी सांडणं वाईट नाही आणि लोकांचं हसणंही वाईट नाही. ते वाईट आहे असं आपण मानतो, तिथे घोटाळा होतो. शील तेवढं चांगलं, दुःशील तेवढं वाईट. आरोग्य, पैसा, अब्रू हवीशी असली तरी ती चांगल्या-वाइटात धरायची नाही.

अडचण अशी की सुरुवातीच्या स्टोइकांची पुस्तकं बुडाली. त्यांच्यातल्या क्रिसिपस या पुढाऱ्याने ७०५ लिहिली असं सांगतात. आज एकही सबंध नाही. म्हणून चारशे वर्षं पुढे जाऊन रोमन काळातल्या एपिक्टेटस या स्टोइकाची छोटी ‘हस्तपुस्तिका’ घ्यावी लागते. तिच्या पहिल्याच परिच्छेदात मुद्दा आहे: आपल्या हातात काय आणि काय नाही. पण तेवढ्यावर थांबू नका. स्टोइक आपल्या विद्येला मळ्याची उपमा देत: तर्कशास्त्र कुंपण, भौतिकी जमीन आणि झाडं, नीती फळं. मोबाइलवर फिरणारी सुविचारांची पाटी नुसती फळं वाटते. सगळं विश्व विवेकाने चाललंय ही त्यांची जमीन काढून घेतली, तर ‘जे होईल ते स्वीकार’ म्हणायला आधार उरत नाही.

आता वादळ. ऑलस गेलिअस या रोमन लेखकाने स्वतःचा अनुभव लिहिलाय. ग्रीसहून इटलीला जाताना जहाज वादळात सापडलं आणि सोबतचा नामांकित स्टोइक पांढराफटक पडला. वादळ ओसरल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याची टर उडवली. गेलिअसने मात्र आदराने कारण विचारलं. त्या गृहस्थाने पिशवीतून एपिक्टेटसचं पुस्तक काढून दाखवलं: पहिला धक्का शहाण्यालाही बसतो, रंग उडतो, त्यावर कुणाची सत्ता नाही. ‘हे खरोखरच भयंकर आहे’ या विचाराला संमती द्यायची की नाही, एवढंच आपल्याकडे असतं. ‘स्टोइक म्हणजे भावना मारणारा’ ही ओळ इथे खोडा.

४. संशयवाद्यांसाठी दोन्ही बाजूंनी बोलून पाहा

एलिसचा पिऱ्हो अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर भारतापर्यंत आला आणि इथल्या नग्न तपस्व्यांना भेटला, असं जुनी चरित्रं सांगतात. त्यावरून त्याने सगळं इथूनच उचललं असं ठरवण्याचा मोह आवरा. देवघेवीचा पक्का पुरावा हवा असेल तर कंदाहारचा अशोकाचा ग्रीक शिलालेख बघा. त्यात ‘पासंड’ म्हणजे पंथ या शब्दासाठी ‘डायट्रिबे’ योजलाय, जो ग्रीक लोक तत्त्वज्ञांच्या शाळांना वापरत.

पिऱ्होने काही लिहिलं नाही. त्याच्या नावाने चाललेला विचार सेक्स्टस एम्पिरिकसने बराच नंतर लिहून ठेवला: प्रत्येक मताला तितक्याच वजनाचं विरुद्ध मत उभं करा, निर्णय लांबणीवर टाका, मग अ‍ॅटरॅक्सिया आपोआप मागून येते. अपेलीस या चित्रकाराला म्हणे घोड्याच्या तोंडाचा फेस काही केल्या जमेना. वैतागून त्याने रंग पुसायचा स्पंज चित्रावर फेकला आणि फेस हुबेहूब उमटला. तसं हे.

प्लेटोने काढलेल्या अकादमीतही संशयवाद शिरला होता. इ.स.पू. १५५मध्ये दंड कमी करून घ्यायला अथेन्सने रोमला तीन तत्त्वज्ञ दूत म्हणून पाठवले. त्यांतला अकादमीचा कार्निअडीस एक दिवस न्यायाच्या बाजूने बोलला आणि दुसऱ्या दिवशी विरुद्ध. जुन्या वळणाच्या केटो या रोमन पुढाऱ्याला भीती वाटली की तरुण पोरं बिघडतील, म्हणून या पाहुण्यांची लवकर बोळवण करा असा त्याने धोशा लावला. तुम्हीही तेच करा: ज्या मतावर भांडायला उठता, त्याच्या विरुद्ध पाच मिनिटं मनापासून बोला.

वादळात पिऱ्होने घाबरलेल्या सहप्रवाशांना जहाजावरचं एक डुकराचं पिल्लू दाखवलं. ते निवांत खात होतं. शहाण्याने असं असावं, तो म्हणाला. पण हाच माणूस एकदा कुत्रा अंगावर आल्यावर दचकला आणि माणूसपण पुरतं सोलून काढणं कठीण आहे, असं कबूल करून बसला. पांढरा पडलेला स्टोइक आणि दचकलेला पिऱ्हो यांना वहीत शेजारी-शेजारी ठेवा.

५. उरलेले दोघे

सिनिकांचं तत्त्वज्ञान पुस्तकापेक्षा वागण्यात होतं. त्यांच्यातल्या सिनोपच्या डायोजेनिसला समुद्रात चाच्यांनी पकडून गुलामांच्या बाजारात उभं केलं. तुला काय येतं, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘माणसांवर हुकूम चालवायला.’ अ‍ॅरिस्टॉटलच्या लायसिअममधल्या लोकांना मी सुरुवातीला सोडून द्यायला सांगेन. त्यांच्यातल्या थिओफ्रॅस्टसचं झाडाझुडपांवरचं काम थोर आहे, पण आपल्या वादळाच्या प्रश्नाला ते दुरूनच लागतं.

६. मिठाची चिमूट जवळ ठेवा

वरच्या बहुतेक गोष्टी डायोजेनिस लेअर्टिअस (वरच्या सिनिकाहून वेगळा) याच्या दहा भागांच्या चरित्रग्रंथातून येतात. तो घटनांनंतर काही शतकांनी, बहुधा इ.स.च्या तिसऱ्या शतकात लिहितोय आणि गावगप्पा हातच्या सोडत नाही. क्रमाने वाचू नका. आधी दहावा भाग (एपिक्युरस), मग सातवा (स्टोइक), नववा (पिऱ्हो), शेवटी सहावा (सिनिक). रॉबर्ट हिक्सचं १९२५चं इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट मिळतं. मतांची काटेकोर मांडणी हवी असेल तर सिसेरो या रोमन वक्त्याचे संवाद घ्या. तो स्वतः अकादमीचा, त्यामुळे एपिक्युरसवर जरा खार खाऊन आहे.

तत्त्वज्ञांच्या मृत्यूंवर लेअर्टिअसने स्वतः रचलेल्या कविता खुशाल गाळा. क्रिसिपस मात्र गाळू नका. गाढवाने अंजिरं खाल्ली, त्यावर हा आपल्या म्हाताऱ्या बाईला म्हणाला, आता त्याला घोटभर दारूही पाज, आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता मेला. निदान एका कथेप्रमाणे तरी. त्याच पानावर त्याच्या मृत्यूची दुसरी कथाही दिली आहे.