वाचनालयात दहा मिनिटांत दक्षिण कोरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग सांगायचे तर

जन्मापासून सुरुवात नको, दोन मिनिटं त्यातच जातात. थेट ऑगस्ट १९७३ गाठा: टोकियोच्या हॉटेलातून पळवलेला, बोटीवर हातपाय बांधलेला, समुद्रात फेकला जाण्याच्या बेतात असलेला माणूस. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या श्रोत्याला खोल पाणी म्हणजे काय ते समजवावं लागत नाही. इथे चार मिनिटं द्या. मग १९८०ची फाशीची शिक्षा, पुढे नजरकैद. ब्रह्मदेशाच्या थिबा राजामुळे स्थानबद्धता रत्नागिरीकरांना ठाऊकच आहे. गफलत होते ती १९८७च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत. किम यंग-साम हे दुसरे विरोधी नेते, ते वेगळे! दोघेही उभे राहिले, विरोधी मतं फुटली, रोह ते-वू निवडून आले. फळ्यावर १९७१, १९८७, १९९२ या हरलेल्या निवडणुका लिहून फुली मारा, जिंकलेल्या १९९७ला गोल करा. आणि ‘किम’ हे आडनाव. ते आधीच येतं. २०००ची प्योंगयांग भेट आणि नोबेल एका मिनिटात उरकतं.