बाळंतिणीची डूला म्हणून काम सुरू करताय? या चुका टाळा

खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा बेळगावच्या आसपासच्या गावांत बाळंतिणीच्या मदतीला बाई येणं नवं नाही. मालिशवाली मावशी असते, आई असते, आशाताई दारात येऊन जाते. डूला म्हणजे बाळंतपणात आणि नंतर आईला आधार देणारी बाई. प्रशिक्षण घेऊन नव्यानं काम सुरू करणारी डूला इथेच पहिली चूक करते. या सगळ्यांची कामं ती स्वतःकडे ओढून घेते. मग बाळाची अंघोळ, लंगोट, पाहुण्यांचा चहा सगळं तिच्या गळ्यात पडतं आणि बाळंतिणीकडे बघायला कुणी उरत नाही. बाळाला घ्यायला घरात भरपूर हात असतात. तुमची नजर आईवर हवी.

आल्या आल्या पाळण्याकडे धावणं

आधी बाळंतिणीजवळ बसा आणि विचारा: लघवी नीट होते का? आज किती पॅड बदलले? काय खाल्लं? सलग किती झोप मिळाली? डोकं दुखतंय का, पोटरी दुखतेय का? उत्तरं तारखेसह वहीत लिहा. तोंडी लक्षात ठेवलेलं तिसऱ्या दिवशी विसरतं आणि डॉक्टरांनी विचारल्यावर घरातले प्रत्येकजण वेगळं सांगतात.

अंगावरून जाणं पहिले तीन-चार दिवस लाल असतं, मग गुलाबी-तपकिरी होतं, पुढं पांढरट. कमी झालेलं लाल पुन्हा वाढलं तर बहुतेकदा बाईनं लवकर कामाला हात घातलेला असतो. तिला आडवं करा आणि लक्ष ठेवा. पण तासाभरात अख्खं पॅड भिजलं, लिंबाएवढ्या गाठी पडल्या, घाण वास आला किंवा ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर थांबायचं नाही. 108 ला फोन. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं चमकणं, वरच्या पोटात दुखणं हेही त्याच यादीत, कारण रक्तदाब बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंतही चढू शकतो. अशा डोकेदुखीला "वारं लागलं" म्हणून डोकं बांधून बसवण्यात गेलेला वेळ फार महाग पडतो. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर ती चोळू नका, दवाखान्यात पाठवा. आत रक्ताची गाठ असू शकते.

"दूध पुरत नाही" यावर लगेच विश्वास ठेवणं

हे वाक्य तुम्हाला बहुतेक घरांत ऐकू येईल. पहिल्या दोन-तीन दिवसांत चीकच येतो, थोडाच येतो आणि बाळाला तेवढाच लागतो. दूध साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी भरतं. त्याआधी वरचं दूध सुरू केलं की बाळ कमी ओढतं, आणि ओढणं कमी झालं की दूधही कमी बनतं. मग घरातले म्हणतात, "बघा, नव्हतंच दूध."

अंदाजावर जाऊ नका, मोजा. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं व्हायला हवं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त ओले लंगोट हवेत. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, पण दहा टक्क्यांच्या जवळ उतरलं किंवा दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत आलं नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पाजताना जवळ बसून बघा. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. काळा भाग वरच्या ओठाकडे जास्त दिसावा, खालच्या ओठाकडे कमी. थोड्या वेळानं गिळल्याचा आवाज येतो. सोडल्यावर स्तनाग्र चपटं, एका बाजूनं दाबल्यासारखं दिसलं तर पकड उथळ आहे. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून बाळ सोडवा आणि पुन्हा लावा. ओढून काढलं की चिरा पडतात. पहिल्या आठवड्यात बऱ्याच तक्रारी एवढ्यानंच मिटतात.

गुळाचं पाणी, गुटी सहा महिने काही नाही, आणि मध तर वर्षभर नाही. मधातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. साधं पाणीसुद्धा नको, उन्हाळ्यातही नको.

शेक-शेगडीवर भांडण करणं

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणं धोक्याचं आहे. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. धुरीचा धूर तान्ह्याच्या फुफ्फुसांना सोसत नाही. पण सासूबाईंसमोर "हे चुकीचं आहे" म्हणालात तर त्या घरातलं तुमचं काम संपलं. त्याऐवजी पर्याय हातात द्या. ओवा तव्यावर गरम करून फडक्यात पोटली बांधा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा, मग बाळंतिणीच्या कंबरेला शेक द्या. शेकायचं ते शेकलं जातं आणि त्यांचा मानही राहतो. सिझर झालेलीचं पोट मात्र शेकू नका, चोळू नका, पट्टाही डॉक्टरांना विचारूनच.

बाळाच्या नाका-कानांत तेल, डोळ्यांत काजळ, नाळेला हळद किंवा राख, छाती पिळून दूध काढणं हे मात्र सौम्य शब्दांत पण ठामपणे थांबवा. नाळ कोरडी ठेवली की आपोआप गळते. मालिश करायचीच असेल तर नाळ पडल्यावर, हलक्या हातानं. वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर डॉक्टरांना विचारून. निपाणीकडं विडी वळणाऱ्या घरांत तंबाखूची सुपं बाळाच्या खोलीत नकोत, आणि पाजण्याआधी हात साबणानं धुवायचे.

पाणी तोडणं, भात तोडणं

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने दिवसाला सुमारे सहाशे कॅलरी जास्त लागतात. म्हणून पाणी, भात बंद करू नका. नाचणीची भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडी, ताक सगळं चालतं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू चांगलेच, पण गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या १८० दिवस चालू राहायला हव्यात, पण एकाच वेळी घेऊ नयेत.

आशाताईंशी स्पर्धा

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. तुमच्या वहीतल्या नोंदी त्यांना दाखवा, त्यांच्या कामाच्या असतात. तायी कार्डावर, म्हणजे कर्नाटकात गरोदर बाईला मिळणाऱ्या सरकारी आरोग्य कार्डावर, बरंच कन्नडमध्ये असतं. वाचता येत नसेल तर त्यांच्याकडून समजून घ्या, अंदाजानं अर्थ लावू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत, आणि जिथं बाळ जन्मलं तिथंच. सासर चंदगड-गडहिंग्लजला असलं तरी बेळगावात जन्मलेल्या बाळाची नोंद बेळगावातच होते.

एका घरातलं दुसऱ्या घरात बोलणं

लहान गावात याहून मोठी चूक नाही. "अमुकच्या सुनेला दूधच नव्हतं" एवढं बोललात तरी पुढची बाळंतीण तुमच्यापाशी खरं बोलणार नाही. आणि ती न बोललेली गोष्ट नेमकी मनाची असते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं नेहमीचं आहे, दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढं टिकलं, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही, खाणं सुटलं, तर घरच्यांना विश्वासात घेऊन डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचं बोलली, भलतंसलतं दिसायला-ऐकू यायला लागलं, तर तिला एक क्षणही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पैशाचं आणि अंतराचं न बोलणं

नात्यातलं काम असलं तरी भेटी किती, कोणत्या वेळी, कोणती कामं नाहीत, पैसे केव्हा हे सातव्या-आठव्या महिन्यातच कागदावर लिहा. दर महिन्याच्या ठोक रकमेपेक्षा भेटीगणिक पैसे ठरवा, कारण बाळंतीण माहेरहून सासरी मध्येच जाऊ शकते. औषध देणार नाही, इंजेक्शन देणार नाही, बाळंतपण करणार नाही हेही त्याच कागदावर. जांबोटी-कणकुंबीकडचं घर असेल तर पावसाळ्यात कोणत्या रस्त्यावर पाणी येतं, रात्री कुणाची गाडी मिळेल आणि मोबाइलला रेंज कुठं आहे, हे पहिल्या भेटीत विचारून भिंतीवर लावून ठेवा.