भाड्याच्या सर्व्हरवर वाडीची बैठक

शिमग्याच्या पालखीचा मार्ग, नळपाणी योजनेची वर्गणी, देवळाच्या छपराची दुरुस्ती असे विषय निघाले की रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वाडीला दोन बैठका घ्याव्या लागत: एक देवळाच्या सभामंडपात आणि दुसरी चाकरमान्यांची, मुंबईत. एकीकडचा निरोप दुसरीकडे पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ बदललेला असे आणि तो गैरसमज निस्तरण्यासाठी तिसरी बैठक लागे. आता आम्ही भाड्याने घेतलेल्या एका लहान सर्व्हरवर फक्त आवाजाची बैठक चालवतो. ती व्यवस्था कशी उभारावी ते येथे सांगतो. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या मोकळ्या सपाटीवर उभे राहून बोलणाऱ्याला कोणतेही ॲप चालते. खाडीच्या उतारावर, डोंगराआडच्या ज्या घरात रेंजची जेमतेम एक काडी दिसते, तिथल्या माणसाला बैठक नीट ऐकू आली पाहिजे. सर्व्हरची प्रत्येक सेटिंग त्या घरासाठी ठरवावी, असे माझे मत आहे.

यासाठी आम्ही मम्बल हे मुक्त सॉफ्टवेअर वापरतो. ते २००५ पासून उपलब्ध आहे, त्याला परवाना शुल्क नाही आणि त्याचा सर्व्हर आपल्या ताब्यातल्या यंत्रावर बसवता येतो. आवाज दाबून लहान करण्यासाठी ते ओपस हे तंत्र वापरते. २०१२ मध्ये प्रमाणित झालेले हे तंत्र सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत चालते, म्हणजे अगदी क्षीण जोडणीवरही बोलणे कळण्याजोगे राहते.

पहिली चूक बहुतेकांची होस्टिंग, म्हणजे सर्व्हरची भाड्याची जागा निवडतानाच होते. गावच्या किंवा मंडळाच्या संकेतस्थळासाठी घेतलेले स्वस्त शेअर्ड होस्टिंग येथे उपयोगाचे नाही. तिथे एकाच यंत्रावर शेकडो संकेतस्थळे नांदतात आणि पान मागितले की ते देण्यापुरतीच मुभा असते; अहोरात्र चालणारा स्वतःचा प्रोग्राम ठेवता येत नाही आणि हवा तो पोर्टही, म्हणजे जोडणी आत येण्याचा क्रमांकाचा दरवाजाही, उघडता येत नाही. आवाजाच्या सर्व्हरला या दोन्ही गोष्टी लागतात. म्हणून व्हीपीएस, म्हणजे स्वतःचा रूट प्रवेश (यंत्रावरचे सर्व अधिकार) असलेला आभासी सर्व्हर घ्यावा. तो मोठा असण्याची गरज नाही. मम्बलचा सर्व्हर आवाज एकत्र मिसळत नाही, आवाजाचे आलेले पॅकेट, म्हणजे लहानसा तुकडा, ज्याला त्याला पुढे पाठवतो, आणि मिसळण्याचे काम ऐकणाऱ्याच्या फोनवर किंवा संगणकावर होते. त्यामुळे एक प्रोसेसर आणि १ जीबी रॅम चाळीस-पन्नास माणसांना पुरून उरते.

सर्व्हर कोणत्या शहरात आहे, हे मात्र किमतीपेक्षा अधिक पाहावे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट हे अंतर सरळ रेषेत साधारण ६,५०० किलोमीटर धरले, तरी जाऊन येण्यातच ६५ मिलिसेकंद जातात, आणि प्रत्यक्षातला वळणावळणाचा मार्ग त्याहून बराच लांब असतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या लोकांनी एकमेकांशी बोलताना आवाज युरोपात नेऊन परत आणण्यात काहीच अर्थ नाही. मुंबई किंवा बंगळुरू येथील डेटा सेंटरचा पर्याय देणारी योजनाच निवडावी.

व्हीपीएसवर उबुंटू या लिनक्स प्रणालीची दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी, एसएसएच या सुरक्षित जोडणीने दुरूनच आत जाऊन यंत्रणा अद्ययावत करावी आणि पॅकेज यादीतून मम्बल-सर्व्हर बसवावे. त्यानंतर पॅकेजची मांडणी पुन्हा विचारून घेणारी आज्ञा दिली की सुपरयुजर या मुख्य खात्याचा पासवर्ड ठरवता येतो. हे खाते व्यवस्थेपुरतेच आहे, त्याला बोलण्याची परवानगीच नसते. या खात्याने एकदा आत जावे, आपल्या नेहमीच्या नावाची नोंदणी करावी, मूळ चॅनेलच्या (बोलण्याच्या मुख्य खोलीच्या) परवानग्यांमध्ये ते नाव ॲडमिन गटात घालावे आणि मग सुपरयुजर बाजूला ठेवावा.

पुढचे काम फायरवॉलचे, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणाऱ्या पहाऱ्याचे. मम्बलचा ठरलेला पोर्ट ६४७३८ आहे आणि तो टीसीपी व यूडीपी या पॅकेटे नेण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडावा लागतो. अनेक होस्टिंग कंपन्यांची फायरवॉल त्यांच्या पॅनेलमध्ये वेगळी असते आणि यंत्रावरची वेगळी, दोन्हीकडे पाहावे. यंत्रावरची फायरवॉल सुरू करण्याआधी एसएसएचचा पोर्ट २२ उघडा ठेवण्यास विसरू नये, नाहीतर आपण आपल्याच घराबाहेर राहतो. आता एक बारीक गोष्ट. यूडीपी बंद राहिला तरी मम्बल बंद पडत नाही, ते मुकाट्याने सगळा आवाज टीसीपीवरून नेऊ लागते. चांगल्या वायफायवर हा फरक कळतही नाही. डोंगराआडच्या घरात मात्र वाटेत एक पॅकेट हरवले की टीसीपी ते पुन्हा मागवते, तोवर मागची सगळी पॅकेटे खोळंबतात, आणि ऐकणाऱ्याला वाक्य तुटून मग एकदम धावत आल्यासारखे वाटते. यूडीपीत हरवलेले पॅकेट हरवले, बोलणे पुढे चालू राहते. म्हणून संगणकावरून जोडल्यावर सर्व्हरच्या माहितीच्या खिडकीत यूडीपीचे आकडे हलत आहेत ना, हे डोळ्यांनी पाहावे.

यानंतर इटीसी या फोल्डरात, किंवा नव्या आवृत्त्यांत त्यातल्या मम्बल या उपफोल्डरात, मम्बल-सर्व्हर नावाची आयएनआय (सेटिंगची) फाइल असते, ती उघडावी. त्यात बँडविड्थ ही ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. एका माणसाने सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट पाठवावेत, हे ती ठरवते. नव्या आवृत्त्यांत मुळातला आकडा ५,५८,००० आहे. तो आम्ही ३०,००० वर आणला. सर्व्हरची मर्यादा कमी दिसली की संगणकावरचे मम्बल आपली गुणवत्ता आपोआप उतरवते, म्हणून ही दुरुस्ती एकाच जागी करून भागते. एवढ्यावर बोलणे स्वच्छ ऐकू येते. याचे कारण पॅकेटच्या मोजमापात आहे. प्रत्येक पॅकेटमध्ये आवाजाशिवाय पत्ता आणि इतर मजकुराचे साधारण ३६ बाइटचे आवरण असते. दर १० मिलिसेकंदाला एक पॅकेट पाठवले तर सेकंदाला १०० आवरणे, म्हणजे सुमारे २९ किलोबिट नुसते आवरणावरच खर्च होतात. ४० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटमध्ये भरला तर हाच खर्च सुमारे ७ किलोबिटवर येतो आणि उरलेला वाटा आवाजाला मिळतो. त्या बदल्यात थोडासा विलंब वाढतो, पण बैठकीत तो जाणवत नाही.

या आकड्यावरून खर्चाचा अंदाजही येतो. सेकंदाला ३० किलोबिट या दराने तासभर सतत ऐकणाऱ्याचा साधारण साडेतेरा एमबी डेटा जातो. एक जण बोलतो आणि चाळीस जण ऐकतात तेव्हा सर्व्हरमधून सेकंदाला १.२ मेगाबिट बाहेर पडतात, तासाला सुमारे ५४० एमबी. तिघे एकदम बोलू लागले तर तिघांचे तीन प्रवाह प्रत्येकाकडे जातात आणि अशक्त जोडणीवर तिप्पट भार पडतो. त्यामुळे बटण दाबून बोलण्याची पद्धत आम्ही सक्तीची केली. फोनवर मुमला या अँड्रॉइड ॲपमध्ये हे बटण पडद्यावरच मिळते. एरवी कोणाच्या अंगणातला कोंबडा, कोणाच्या पत्र्यावरचा पाऊस आणि कोणाचा टीव्ही हे सगळे त्या एका काडीच्या रेंजवर चढून बसतात.

त्याच फाइलमध्ये सर्व्हरचा पासवर्ड आणि एकूण सदस्यांची मर्यादा लिहावी. सार्वजनिक यादीत नोंदणी करण्याच्या ओळी मात्र रिकाम्याच सोडाव्यात. आणखी एक ओळ अशी आहे की तिच्यामुळे आमची एक अख्खी बैठक बिघडली. एकाच पत्त्यावरून १२० सेकंदांत १० वेळा जोडणी झाली की सर्व्हर तो पत्ता ३०० सेकंदांसाठी बंद करतो. हल्लेखोरांना अडवण्यासाठी हे ठीक आहे. परंतु जुलैच्या पावसात सभामंडपातल्या एकाच वायफायवर आठ-दहा फोन होते, जोडणी सारखी तुटत होती, प्रत्येक फोन पुन्हा पुन्हा दार ठोठावत होता, आणि सर्व्हरने सगळ्या मंडपालाच पाच मिनिटे बाहेर ठेवले. मुंबईकडच्यांना वाटले, गावकरी रागावून उठून गेले. या आपोआप बंदीच्या, म्हणजे ऑटोबॅनच्या, प्रयत्नांचा आकडा तेव्हापासून आम्ही बराच वाढवून ठेवला आहे. अनेक माणसे एकाच वायफायवर बसणार असतील, तर हा बदल पहिल्याच दिवशी करावा. फाइल जतन करून सेवा पुन्हा सुरू केल्याशिवाय यांतला एकही बदल लागू होत नाही.

सदस्यांना पत्ता देताना आकड्यांचा आयपी पत्ता देऊ नये. मंडळाच्या डोमेनखाली एक उपनाव तयार करून ते व्हीपीएसकडे वळवावे, म्हणजे पुढे कंपनी बदलली तरी कोणाच्या फोनला हात लावावा लागत नाही. पहिल्यांदा जोडताना प्रमाणपत्राबद्दल इशारा येईल, कारण सर्व्हर स्वतःच स्वतःचे प्रमाणपत्र बनवतो. तो एकदा स्वीकारावा. सदस्याची नोंदणीही त्याच्या फोनमधल्या प्रमाणपत्राशी बांधलेली असते. फोन बदलला की जुने नाव मिळत नाही, म्हणून ज्येष्ठांचे फोन बदलताना ते प्रमाणपत्र आधी काढून ठेवावे.

सदस्यांना काही गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. फोन आणि सर्व्हर यांच्यातला आवाज सांकेतिक रूपात जातो, पण सर्व्हरवर तो उलगडतो, त्यामुळे सर्व्हर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर विश्वास असावा लागतो. दुसरे, यावर भजनाचा सराव होत नाही. एकत्र गाताना विलंब साधारण ३० मिलिसेकंदांपलीकडे गेला की ताल सुटू लागतो. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जेमतेम १० मीटर जातो. बुवांनी हट्टाने दोन वेळा प्रयत्न केला, पखवाज प्रत्येक आवर्तनाला मागे पडत गेला. तिसरे, टॉवरच बंद पडले तर सर्व्हर काही करू शकत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा मंडणगड-दापोलीपर्यंत वीज आणि फोन दोन्ही गेले होते. अशा दिवसांसाठी जुनी निरोपाची माणसे ठरवलेलीच हवीत.

महिन्यातून एकदा सर्व्हरचा डेटाबेस, आयएनआय फाइल आणि प्रमाणपत्राची किल्ली यांची प्रत दुसऱ्या यंत्रावर काढावी. उबुंटूवर हा डेटाबेस व्हीएआर फोल्डरातल्या लिब या उपफोल्डरात, मम्बल-सर्व्हरच्या नावाने असतो; चॅनेल, परवानग्या आणि नोंदणी केलेली सगळी नावे त्यातच राहतात. सुपरयुजरचा पासवर्ड, होस्टिंगच्या खात्याची माहिती आणि भाडे भरण्याची तारीख एका बंद पाकिटात लिहून ते मुंबईच्या खजिनदारांकडे द्यावे, आणि दुसरे तसेच पाकीट वाडीतल्या सचिवांकडे ठेवावे.