बागेतल्या व्हायव्हेरियममध्ये सरडे आणि बेडूक एकत्र ठेवताय? या चुका टाळा

बागेत व्हायव्हेरियम, म्हणजे सरडे-बेडकांसारखे प्राणी ठेवायचं जाळीचं मोठं घर बांधून झालंय, एका कोपऱ्यात छोटं तळं केलंय, दोन सरडे मजेत फिरतायत, आणि मग वाटायला लागतं की एवढी जागा रिकामीच आहे तर चार बेडूक सोडले तर काय बिघडलं? बिघडतं, पण लगेच दिसत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. हे प्राणी ओरडत नाहीत, लंगडत नाहीत, आजारी असले तरी शेवटपर्यंत लपवतात. त्यामुळे "सगळे शांत बसलेत म्हणजे मस्त चाललंय" असं धरून चालू नका, शांत बसणं हे बऱ्याचदा घाबरल्याचं नाहीतर अंगात त्राण नसल्याचं लक्षण असतं.

माझंच सांगते. हिरवे ॲनोल सरडे आणि ग्रीन ट्री फ्रॉग, दोन्ही उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागातले, दोघांना ऊब आणि ओलावा लागतो, म्हणजे जोडी कागदावर अगदी बरोबर होती. बेडूक रात्री जागे होतात म्हणून मी पाण्याची फवारणी रोज संध्याकाळी उशिरा करायचे. महिनाभरात एक ॲनोल दिवसभर तपकिरीच राहायला लागला, डोळे आत गेलेले, शेपटीच्या मुळाशी हाड जाणवायला लागलं, वजन साडेचार ग्रॅमवरून पावणेचारवर आलं. तळं तर काठोकाठ भरलेलं होतं! पण ॲनोल साचलेलं पाणी सहसा पितच नाहीत, ते पानांवरचे थेंब चाटतात, आणि माझे थेंब पडायचे तेव्हा तो झोपलेला असायचा आणि तो उठून ऊन खायला लागेपर्यंत पानं कोरडी झालेली असायची. सकाळची एक फवारणी वाढवली, तीन आठवड्यांत वजन परत आलं. तेव्हापासून मी कुठलीही जोडी ठरवताना "हे दोघं भांडतील का" हे नंतर बघते, आधी बघते की दोघांचा दिवस एकाच घरात बसतो का, म्हणजे कोण कधी उठतं, कुठे तापतं, कुठून पाणी पितं.

दिसायला छान म्हणून जोडी जमवणं

ही सगळ्यात मोठी चूक. बिअर्डेड ड्रॅगन ह्या ऑस्ट्रेलियातल्या सरड्याला ऊन खायची जागा साधारण 38 ते 42 अंश सेल्सिअसची लागते आणि हवा कोरडी, तर बरेचसे न्यूट आणि सॅलॅमँडर (शेपटीवाले उभयचर) 22-24 अंशांच्या वर गेले की त्रासात पडतात. ह्या दोघांना एका घरात ठेवून मधला मार्ग काढायला गेलात तर दोघंही आजारी पडणार. निसर्गात जे एकाच भागात, एकाच प्रकारच्या जागेत राहतात त्यांचाच विचार करा, आणि तेही घरात ऊन, सावली, कोरडं, ओलं असं सगळं खरोखर वेगवेगळं करता येण्याइतकी जागा असेल तरच.

तोंडाचं माप न बघणं

बेडकाच्या तोंडात जे मावतं ते त्याचं खाणं, एवढा साधा नियम आहे. सरड्याचं पिल्लू असो नाहीतर दुसरा बेडूक, त्याला फरक पडत नाही. आणि आजचं माप धरू नका, सहा महिन्यांनी कोण केवढं होणार ते बघा. पाणसाप किंवा ग्रास स्नेकसारखे साप बेडूक खातात, त्यामुळे त्यांना बेडकांबरोबर ठेवायचा प्रश्नच उद्भवू नये.

विषाचा विचारच न करणं

उभयचरांच्या कातडीत विष असतं हे बरेच जण विसरतात. फायर-बेलीड टोड दिसायला सुंदर, पण घाबरला की कातडीतून जो स्राव सोडतो तो लहान भांड्यातल्या पाण्यात मिसळला की त्याच पाण्यात बसलेल्या दुसऱ्या बेडकाचा जीव जाऊ शकतो. केन टोडच्या डोळ्यांमागे विषाच्या मोठ्या गाठी असतात, तो तोंडात धरणारा सरडा किंवा साप मरू शकतो. अमेरिकेतल्या टॅरिका न्यूटच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं, पफर माशात असतं तेच. असे प्राणी ठेवायचेच असतील तर फक्त त्यांच्याच जातीबरोबर ठेवा, ह्यात मला तरी तडजोड पटत नाही.

नवीन प्राणी थेट आत सोडणं

नवीन आलेला प्राणी कमीत कमी 60 ते 90 दिवस वेगळ्या डब्यात, वेगळं पाण्याचं भांडं, वेगळा चिमटा, आणि विष्ठा तपासून घेणं, हे कंटाळवाणं वाटतं पण एकत्र ठेवण्यात ह्याच्याइतकं महत्त्वाचं काहीच नाही. कासवाच्या पोटात एंटामिबा इन्व्हेडन्स नावाचा परजीवी काही त्रास न देता राहू शकतो आणि तोच साप-सरड्यांना मारतो, म्हणजे ठणठणीत दिसणारं कासव अख्खं घर संपवू शकतं. रानाव्हायरस तर उभयचर, सरपटणारे आणि मासे तिघांनाही होतो. बेडकांची कातडी खाणारी कायट्रिड बुरशी 1999 मध्ये शास्त्रीय नावानिशी नोंदवली गेली, सॅलॅमँडरवरची तिची बहीण 2013 मध्ये, आणि पहिलीला 17 ते 25 अंशांचं तापमान सगळ्यात मानवतं, म्हणजे नेमकं आपल्या सावलीतल्या ओल्या कोपऱ्याचं. तळ्याचं काढलेलं पाणी त्यामुळे ओढ्यात किंवा नाल्यात ओतू नका, आधी निर्जंतुक करा.

पाणी, ऊन आणि काच

नळाचं पाणी थेट तळ्यात नको. क्लोरीन असेल तर पाणी 24 तास उघडं ठेवलं की बरंचसं उडून जातं, पण क्लोरामाइन उडत नाही, त्याला पाण्यात घालायचा कंडिशनरच लागतो. बेडूक कातडीतून पाणी घेतो हे लक्षात ठेवा, पाण्यात जे काही आहे ते सगळं त्याच्या अंगात जाणार, कीटकनाशक मारलेल्या कुंडीतून झिरपलेलं पण. तळ्याचे काठ उतरते ठेवा, एक खडबडीत लाकूड तिरकं टाकून ठेवा, कारण उभ्या काठाच्या पाण्यात सरडा पडला तर तो पोहून दमतो आणि बुडतो.

छताला काच लावली की दोन घोटाळे होतात. काचेतून यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) जवळजवळ येतच नाही, म्हणजे सरडा तासन्‌तास उन्हात बसला तरी व्हिटॅमिन डी-3 तयार होत नाही आणि हाडं मऊ पडतात. आणि बंद काचेखाली दुपारी भट्टी होते. बारीक जाळीही थोडा यूव्हीबी अडवते, पण तरी जाळीच बरी. दुपारी दोन वाजता हातात टेम्परेचर गन घेऊन जमिनीलगत, दगडाखाली, पाण्याजवळ असं सगळीकडे मोजा, कारण बेडूक त्या वेळी जिथे लपलाय तिथलं तापमान महत्त्वाचं, भिंतीवरच्या थर्मामीटरचं नाही.

जाळी जमिनीत निदान 30 सेंटिमीटर खाली न्या आणि वरच्या कडेला आतल्या बाजूने पट्टी बसवा, कारण पळापळ बहुतेक कोपऱ्यांतून होते. परक्या जातीचा प्राणी सुटला तर ते फक्त तुमचं नुकसान नसतं, केन टोड 1935 मध्ये ऑस्ट्रेलियात सोडले गेले, ते अजून पसरतायत. आणि रानातून पकडून आणणं पूर्ण बंद, तुमच्याकडे कुठली जात ठेवायला कायद्याने परवानगी आहे तेही आधीच बघा.

खाणं एकदाच टाकणं

दिवसा टाकलेले किडे सरडे संपवतात, रात्री उठलेल्या बेडकाला काही उरत नाही. दोनदा द्या, आणि बेडकाला शक्यतो चिमट्याने. रात्री जाळीजवळ दिवा लावून किडे आत ओढू नका, उत्तर अमेरिकेतल्या फोटिनस गटातला एक काजवा खाऊनसुद्धा बिअर्डेड ड्रॅगन मरू शकतो.

काहीतरी बिघडलंय असं वाटतंय?

बेडूक दिवसभर पाण्यातून निघतच नाही: बाहेर फार गरम किंवा कोरडं आहे, आधी लपायची जागा मोजा. मांड्या आणि पोट लाल झालंय, किंवा कात सारखी निघतेय आणि तो सुस्त आहे: वाट बघू नका, त्याच दिवशी उभयचर बघणाऱ्या डॉक्टरकडे. सरड्याचा जबडा मऊ लागतोय, पाय थरथरतायत: कॅल्शियम आणि यूव्हीबी कमी पडत असेल, पण हेही डॉक्टरनेच ठरवायचं. कोणी एक जण सतत वर जाळीला चिकटून बसलाय: खाली त्याला कोणीतरी जागा देत नाहीये.

ह्यातलं बरंचसं डोळ्याला दिसायच्या आधी काट्यावर कळतं, म्हणून दर रविवारी सगळ्यांचं वजन, 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा, एक वही, बस. सलग दोन आठवडे वजन उतरलं की मी तो प्राणी लगेच बाहेर काढते, कारण शोधत बसणं नंतर. त्यासाठी झाकणाला भोकं पाडलेला एक डबा, ओला टिश्यू पेपर आणि लपायला अर्धी कुंडी, हे कायम धुऊन तयार ठेवलेलं असतं.