खेळातल्या यानांना नावं देताना या चुका टाळा

'कर्बल स्पेस प्रोग्राम' या यानं बांधून उडवायच्या संगणक-खेळात रॉकेट बांधायला अख्खा रविवार देणारी माणसं नावाच्या रकान्यात मात्र सुचेल ते टाकतात आणि 'लाँच' दाबतात. त्या क्षणी काही बिघडत नाही. महिन्याभराने ट्रॅकिंग स्टेशनची, म्हणजे उडालेल्या यानांची, यादी उघडली की कळतं. 'अनटायटल्ड स्पेस क्राफ्ट', त्याखाली आणखी एक 'अनटायटल्ड स्पेस क्राफ्ट', मग 'लँडर नवीन', 'लँडर नवीन २', 'फायनल'. त्यात 'टेस्ट' नावाचं एक यान आहे, ते डुना या ग्रहाभोवती फिरतंय आणि आत तीन कर्बल, म्हणजे खेळातले अंतराळवीर, बसलेले आहेत. इंधन कशात उरलंय, दुसऱ्या यानाशी जोडायचं डॉकिंग पोर्ट कशाला आहे, हे बघायला एकेक यान उघडत बसावं लागतं. पुण्यातल्या ओळखीच्या खेळणाऱ्यांच्या सेव्ह, म्हणजे साठवलेले खेळ, मी हौसेने बघते, आणि फिरून फिरून त्याच चुका दिसतात.

आराखडा आणि यान, दोघांना एकच नाव

ही सगळ्यात मोठी चूक. बाकीच्या बऱ्याचशा हिच्यातूनच निघतात. व्हीएबीमध्ये, म्हणजे यान बांधायच्या इमारतीत, तुम्ही सेव्ह करता तो आराखडा असतो. त्यावरून एक यान उडेल किंवा दहा उडतील. आराखड्याचं नाव 'मुन लँडर' असेल आणि उडवताना ते तसंच राहिलं, तर यादीत पाच 'मुन लँडर' दिसणार, दुसरं काय होणार?

इस्रोची पद्धत बघा. २२ जून २०१६ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ उडालं. पीएसएलव्ही हा रॉकेटचा प्रकार, सी३४ हे त्या एका उड्डाणाचं नाव. वर गेलेल्या वीस उपग्रहांना आपापली वेगळी नावं होती, आणि त्यातच आपल्या पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, जेमतेम एक किलोचा 'स्वयम्' होता. प्रकार, उड्डाण आणि वर पोचलेली वस्तू यांची नावं कुठेही एकमेकांत मिसळत नाहीत.

खेळातही हेच करा. रॉकेटचं नाव त्याच्या ताकदीवरून ठेवा. कर्बिनचं, म्हणजे खेळातल्या पृथ्वीचं, वातावरण ७० किलोमीटरला संपतं, म्हणून बरेच जण ८० किलोमीटरची कक्षा मापाला धरतात. तिथवर २० टन नेणारं रॉकेट 'हत्ती २०', ४० टन नेणारं 'हत्ती ४०'. सबअसेंब्लीत, म्हणजे साठवलेल्या तयार भागांच्या यादीत, हे नाव दिसलं की पेलोडचं (वर न्यायच्या मालाचं) वजन बघायचं आणि रॉकेट उचलायचं, विचार करायचं कारण नाही. बाकीचा तपशील, म्हणजे कुठला टप्पा कुठे सोडायचा, वळण कधी घ्यायचं, हे सगळं वर्णनाच्या चौकटीत लिहा. ती चौकट त्यासाठीच आहे, आणि बहुतेकांनी ती कधी उघडलेलीही नसते.

आधी सेव्ह, मग नाव

क्राफ्ट फाइलचं नाव यानाच्या नावावरून ठरतं. जुना आराखडा उघडला, इंजिनं बदलली, त्याच नावाने सेव्ह केलं, की जुना आराखडा गेला. आधीच उडालेल्या यानांना धक्का लागत नाही, कारण त्यांची नोंद सेव्ह फाइलमध्ये वेगळी असते. पण तसंच यान पुन्हा उडवायचं असेल तर ते हाती राहत नाही. म्हणून आराखडा उघडल्या उघडल्या आधी नाव बदला, मगच पहिल्या पार्टला हात लावा. आवृत्तीसाठी शेवटी अक्षर पुरतं: 'हत्ती २० अ', 'हत्ती २० ब'. 'फायनल' हा शब्द नावात कधीच घालू नका. त्याच्यानंतर काहीतरी येतंच.

उडण्याआधीच क्रमांक देणं

'डुना ३' असं नाव देऊन यान पॅडवर उभं केलं. दुसरा टप्पा फुटला. रिव्हर्ट केलं, म्हणजे उड्डाण रद्द करून मागे आलो, दुरुस्ती केली, आता याला 'डुना ३' म्हणायचं की 'डुना ४'? कोणी एक करतं, कोणी दुसरं, आणि पुढे क्रमांकांवरून काहीच समजत नाही.

खऱ्या अवकाश मोहिमांमध्ये यावर फार सुंदर तोडगा आहे. अमेरिकेच्या 'गोज' मालिकेतल्या हवामान उपग्रहांना जमिनीवर असेपर्यंत अक्षर असतं, कक्षेत पोचल्यावर क्रमांक मिळतो. १९ नोव्हेंबर २०१६ ला उडालेला 'गोज-आर' वर जाऊन 'गोज-१६' झाला. १९८६ मधला 'गोज-जी' प्रक्षेपणातच नष्ट झाला, म्हणून त्याला क्रमांक मिळालाच नाही; सात हा आकडा पुढच्या 'गोज-एच'ला गेला. त्यामुळे क्रमांक वाचला की एवढं नक्की कळतं, की हा उपग्रह वर पोचला होता.

सोव्हिएत पद्धत याहून कडक होती. 'व्हेनेरा' हे नाव शुक्राच्या वाटेला लागलेल्या यानालाच मिळायचं. 'व्हेनेरा ८' निघाल्यानंतर चारच दिवसांनी, ३१ मार्च १९७२ ला, तसंच दुसरं यान सुटलं आणि पृथ्वीच्या कक्षेतच अडकलं. त्याची नोंद 'कॉसमॉस ४८२' अशी झाली. पन्नासहून जास्त वर्षं ते घिरट्या घालत राहिलं आणि १० मे २०२५ ला वातावरणात शिरलं.

खेळात हे दोन्ही नियम मी मनापासून सुचवेन. पॅडवर 'डुना-क', कक्षेत गेल्यावर 'डुना ०३'. आणि डुनाकडे निघालेलं यान कर्बिनभोवतीच अडकलं, तर त्याच्या नावातून 'डुना' काढून टाका. तिथे इंधन घेऊन जायची वेळ येईल तेव्हा शोधाशोध करावी लागणार नाही.

क्रमांक लिहिताना पुढे शून्य ठेवा. यादी अक्षरक्रमाने लागते तिथे १० हा २ च्या आधी येतो. रोमन आकडे तर नकोतच, त्यांच्यात नऊ हा पाचाच्या आधी जाऊन बसतो.

यानाचा प्रकार तसाच सोडणं

'माझ्या स्टेशनचं नाव आपोआप बदललं' अशी तक्रार वरचेवर ऐकू येते. हा बग नाही. दोन यानं डॉक झाली की खेळ एकच नाव ठेवतो. कुठलं, ते (नावाची प्राथमिकता ठरवलेली नसेल तर) आधी यानाच्या प्रकारावरून ठरतं आणि प्रकार सारखा असेल तर वजनावरून. समजा, मिनमस या कर्बिनच्या चंद्राभोवती 'राजगड' नावाचं छोटं स्टेशन आहे, पण त्याचा प्रकार 'शिप' असाच राहिलाय. त्याला काठोकाठ भरलेला 'टँकर ०२' येऊन जोडला गेला, तोही 'शिप', आणि वजनाने जड. क्लॅम्प बसल्याचा आवाज येतो आणि यादीतून 'राजगड' गायब होतं; त्या जागी 'टँकर ०२' दिसतं. कमांड पार्टवर उजवं क्लिक करा, 'रिनेम व्हेसल' उघडा, प्रकार 'स्टेशन' करा. पुन्हा असं होणार नाही.

हे काम जोडलेल्या अवस्थेत करू नका. यानं सुटी झाली की डॉक होण्याआधीची नावं परत येतात आणि तुमचा बदल वाया जातो.

एकाच रॉकेटमधून तीन रिले (संदेश पुढे पोचवणारे) उपग्रह सोडणाऱ्यांचीही अशीच पंचाईत होते. वेगळे झाल्यावर तिघांनाही मूळ नावापुढे शेपूट लागलेलं एकच नाव मिळतं. त्यासाठी व्हीएबीतच प्रत्येक प्रोब कोअरला (मानवरहित यानाच्या नियंत्रक भागाला) स्वतंत्र नाव द्यायची सोय आहे, ती वापरा.

सगळ्यांनाच किल्ल्यांची नावं

पुण्यातल्या खेळणाऱ्यांच्या यादीत सिंहगड नसेल असं होत नाही, आणि असावाच. यानावर आपल्या मातीतलं नाव वाचताना जो आनंद होतो तो कुठल्याही कोडने मिळत नाही. पण एकाच सेव्हमध्ये सिंहगड हे स्टेशन, तोरणा हा लँडर आणि पुरंदर हा रोव्हर असेल, तर नावावरून काहीच ओळखता येत नाही. विषय वाटून द्या. किल्ले जागचे हलत नाहीत, म्हणून ते स्टेशनांना आणि तळांना. नद्या टँकरना आणि ये-जा करणाऱ्या यानांना: नीरा, पवना, इंद्रायणी. पेठा रिले उपग्रहांना. सोमवार ते रविवार अशा सातही वारांच्या पेठा आपल्याकडे आहेत, तेवढ्यात एका ग्रहाचं रिले जाळं आरामात होतं. एका ओळखीच्या मुलाने जूल या ग्रहाकडे जायचं मोठं यान दोन उड्डाणांत वर नेलं. अर्ध्याचं नाव मुळा, अर्ध्याचं मुठा, आणि डॉक झाल्यावर अख्ख्या यानाचं नाव संगम, नावाची प्राथमिकता आधीच ठरवून ठेवलेली. मला हे फार आवडलं.

एकदा वापरलेलं नाव पुन्हा देताना मात्र विचार करा. चंद्रयान-२ आणि चंद्रयान-३, दोन्हींच्या लँडरचं नाव विक्रम. पहिला २०१९ मध्ये उतरताना कोसळला, दुसरा २३ ऑगस्ट २०२३ ला सुखरूप उतरला. त्यामागची भावना समजते, पण लिहिताना दर वेळी 'चंद्रयान-३ चा विक्रम' असं म्हणावं लागतं. खेळातल्या यादीत तेवढी जागा नसते.

चिन्हं आणि लिपी

विंडोजच्या फाइलनावात तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, तारा चालत नाहीत, म्हणून नावात तारीख घालायची तर मध्ये आडवी रेघ द्या. मराठी ही खेळाची अधिकृत भाषा नाही. जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट उमटतील असं गृहीत धरू नका. एका नावावर करून बघा, तुटत असेल तर रोमनमध्ये लिहा.

दुसऱ्याला फाइल पाठवताना

तुमच्या सेव्हमध्ये 'पवना ०१' पुरेसं आहे, मित्राच्या फोल्डरमध्ये नाही. त्याच्याकडेही एक पवना असू शकते. पाठवायच्या फाइलच्या नावात तुमची आद्याक्षरं घाला, आणि यान 'ब्रेकिंग ग्राउंड' या खेळाच्या विस्तारातले किंवा एखाद्या मॉडचे (इतरांनी बनवलेल्या भरीचे) पार्ट वापरत असेल तर तेही लिहा. तो पार्ट समोरच्याकडे नसेल तर यान उघडणारच नाही, आणि बिचारा तासभर स्वतःच्या इन्स्टॉलेशनमध्ये दोष शोधत बसेल.

जुनी सेव्ह आवरायची असेल तर सगळी यादी एका बैठकीत संपवायला जाऊ नका. आधी ज्यात कर्बल आहेत ती यानं, मग स्टेशनं, मग रिले. 'डेब्रिस', म्हणजे कचरा, शेवटी, आणि ते पुसण्याआधी एकदा नजर टाका: प्रकार चुकून 'डेब्रिस' झालेलं चांगलं यान त्यात असू शकतं.