अमेरिकेतली खेड्यातली काउंटी कशी समजून घ्यायची

आपल्याकडचं पोरगं डॉक्टर होऊन अमेरिकेत गेलं की घरचे लगेच न्यूयॉर्क धरून चालतात, पण व्हिसाच्या अटीपायी बरेच जण आधी ३ वर्षं डॉक्टर कमी असलेल्या भागात काम करतात, आणि मग ऑफर लेटरवर अशा काउंटीचं (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं) नाव येतं की जळगाव-धुळ्यात कोणी ऐकलेलंच नसतं. तेव्हा घाबरू नका, आकडे काढा.

आधी लोकसंख्या आणि क्षेत्रफळ शोधा. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या साईटवर क्विकफॅक्ट्स म्हणून पान आहे, तिथं काउंटीचं नाव टाकलं की दोन्ही मिळतं. अंदाजाचा आकडा वेगळा असतो, तुम्ही २०२० च्या मोजणीचा घ्या. क्षेत्रफळ चौरस मैलात असतं, त्याला २.५९ नं गुणा.

उदाहरणाला नेब्रास्का राज्यातली चेरी काउंटी घेऊ. जमीन जवळपास १५,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या जळगाव जिल्ह्याहून (११,७६५) मोठी. आणि माणसं? ५,४५५! जळगावात २०११ ला ४२ लाखांच्या वर होती. म्हणजे आपल्याकडे एका चौरस किलोमीटरला ३६० माणसं, तिथं एका माणसामागं पावणेतीन चौरस किलोमीटर. नुसती लोकसंख्या वाचून हे कळतच नाही भाऊ, भागाकार केलाच पाहिजे.

मग माणसं कुठं आहेत ते बघा. काउंटी सीट म्हणजे कचेरी-कोर्टाचं गाव, चेरीचं व्हॅलेंटाईन, तिथंच २,६३३ लोक, जवळपास निम्मी काउंटी. बाकीची रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या रानांवर, विखुरलेली. पश्चिमेकडचं मेरीमन गाव व्हॅलेंटाईनहून साधारण ६० मैल, आपल्या जळगाव-धुळ्याहून थोडं लांबच, आणि मधे वस्ती अगदी तुरळक. म्हणून पोराला पगाराच्या आधी घर दवाखान्यापासून किती मैल ते विचारा, थंडीत बर्फ पडतो तेव्हा हाच प्रश्न मोठा होतो.

माणसं इतकी कमी का, हे जमीन सांगते. हा सँडहिल्सचा भाग, वाळूच्या टेकड्या, वरती गवत. खाली ओगलाला भूजलाचा मोठा साठा आहे, आपल्या रावेर-यावलच्या बोअरवाल्याला हेवा वाटेल असा, पण वरचं गवत मोडलं की वाळू वाऱ्यानं उडते, म्हणून तिथं नांगर कमी आणि गुरं जास्त, आणि गुरं चारायला रान मोठं लागतं, माणसं थोडी पुरतात.

२०१० चा आकडाही काढून ठेवा. चेरीत तेव्हा ५,७१३ होते, म्हणजे दहा वर्षांत २५८ कमी झाले. सोबत ६५ वर्षांवरचे किती टक्के तेही बघा, डॉक्टरला पेशंट कसले येणार ते त्यावरून कळतं.

आणि फोनचं. चेरी काउंटीत घड्याळं दोन आहेत, पूर्वेला सेंट्रल, पश्चिमेला माउंटन, एका तासाचा फरक. व्हॅलेंटाईन पूर्वेला, तिथं थंडीत आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आणि उन्हाळ्यात साडेदहा.